एडीईला एफएसएक्सच्या कॉन्फिग फायलीच सापडत नाहीत (ओझर विमानतळ बनवतोय)

सातमाळा_व्हीएफआर :

नमस्कार मंडळी, एफएसएक्ससाठी (मायक्रोसॉफ्टचा जुना फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे सिम) सीनरी, म्हणजे विमानतळ-डोंगर-रस्ते असे देखावे बनवणारं कोणी उरलंय का अजून? सगळे नव्या सिमवर गेलेत माहितीये, पण माझ्या पीसीला ते झेपत नाही आणि मला एफएसएक्सच आवडतो, त्यामुळे 'नवीन घेऊन टाक' हा सल्ला कृपया नको.

तर मी आपला नाशिकजवळच्या ओझरचा विमानतळ करायला घेतलाय. सिम २००६ चा आणि ओझरचं पॅसेंजर टर्मिनल २०१४ चं, म्हणजे डिफॉल्टमध्ये ते असायचा प्रश्नच नाही. मला टर्मिनल, ॲप्रन (विमानं उभी करायची जागा), मुंबई-आग्रा हायवेवरून आत येणारा रस्ता आणि जमलंच तर पिंपळगाव-निफाडकडच्या द्राक्षबागा असं सगळं करायचंय, चांदवडच्या डोंगरांवरून खाली येताना काहीतरी ओळखीचं दिसलं पाहिजे ना. त्यासाठी एअरपोर्ट डिझाइन एडिटर म्हणजे आपलं एडीई वापरतो.

आधी सगळं व्यवस्थित चालू होतं. डीव्हीडीवाला डीलक्स एफएसएक्स होता, डी ड्राइव्हवर टाकलेला. मग हार्डडिस्क आवाज करायला लागली म्हणून एका दुकानातून एसएसडी बसवून घेतली, त्यांनी जुना सी ड्राइव्ह जसाच्या तसा क्लोन करून दिला पण डी काही वाचला नाही, म्हणजे एफएसएक्स गेला. नव्या कॅबिनेटला डीव्हीडी ड्राइव्हच नाही. स्टीम एडिशन मागे एका सेलमध्ये घेऊन ठेवलेली होती ती इन्स्टॉल केली, ती मस्त चालतेय, मुंबईहून उडून ओझरला उतरतो, काही तक्रार नाही.

पण एडीई उघडलं की पहिल्या झटक्यात बोंब, सिमच्या कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फायली मिळत नाहीत म्हणे. ओके दाबून पुढे गेलं तर उघडतं, पण स्टॉक म्हणजे सिमबरोबर आलेल्या एअरपोर्टची यादी रिकामी आणि पॉलिगॉनचे (जमिनीवर आखायच्या तुकड्यांचे) प्रकार निवडायची यादी पण रिकामी. ओझरची जुनी प्रोजेक्ट फाइल नशिबाने पेनड्राइव्हवर होती, ती उघडून कंपाइल मारलं तर काळी खिडकी येते, पापणी लवायच्या आत जाते आणि बीजीएल (सिम वाचतं ती तयार सीनरी फाइल) काही बनत नाही. एसडीके (सीनरी बनवायचा मायक्रोसॉफ्टचा टूल-संच) पण त्याच पेनड्राइव्हवरून परत टाकलाय.

सीनरी डॉट सीएफजी शोधली तर एफएसएक्सच्या मेन फोल्डरमध्ये एक मिळाली पण तिच्यात माझं एकही ॲडऑन (वरून टाकलेली सीनरी) नाही. आणि खरी फाइल जिथे असते म्हणतात तो प्रोग्रामडेटा नावाचा फोल्डरच माझ्या सी ड्राइव्हवर नाहीये. विंडोज १० आहे. काय करू आता?


सिडकोवाला :

फोल्डर आहे भाऊ, लपलेला आहे. प्रोग्रामडेटा विंडोज मुद्दाम हिडन ठेवतं. फाइल एक्सप्लोररमध्ये वरती व्ह्यू मध्ये जा, हिडन आयटम्सला टिक कर, आणि तिथेच शेजारी फाइल नेम एक्सटेन्शन्स आहे त्याला पण टिक कर, ते जास्त महत्त्वाचं आहे. नाहीतर नोटपॅडमधून सेव्ह करताना फाइल 'सीनरी डॉट सीएफजी डॉट टीएक्सटी' होऊन बसते, डोळ्याला ती बरोबरच दिसते आणि सॉफ्टवेअरला ती मिळत नाही. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या 'फाइल आहे पण दिसत नाही' वाल्या निम्म्या केसेस या दोनच टिकांच्या असतात.


द्राक्षे_आणि_डेटा :

एवढं कशाला, माझी सीनरी डॉट सीएफजी देतो पाठवून, तुझ्या फोल्डरमध्ये टाक आणि एडीई रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर कर. नाहीच झालं तर सगळं उडवून विंडोजपासून नवीन टाक. क्लोन केलेल्या विंडोजवर माझा तरी विश्वास नाही.


देवळाली_टॉवर :

थांब थांब, दुसऱ्याची सीनरी डॉट सीएफजी अजिबात टाकू नको. ती म्हणजे त्या माणसाच्या सीनरी लायब्ररीची यादी असते. एरिया ००१, ००२ असे क्रमांक, प्रत्येकाला टायटल, लोकल म्हणजे फोल्डरचा पत्ता, ॲक्टिव्ह आहे की नाही, आणि लेयर म्हणजे कुठली सीनरी वर, कुठली खाली. त्यांच्याकडे गोवा, काठमांडू, दुबई काय काय टाकलेलं असेल ते तुझ्याकडे नाही, मग सिम उघडताना एकेका एरियासाठी 'लोकल सीनरी डिरेक्टरी सापडली नाही' असा डबा येणार आणि तू ओके ओके दाबत बसणार. आणि तुझं सिम तर व्यवस्थित चालतंय, याचा अर्थ तुझी स्वतःची चांगली सीनरी डॉट सीएफजी कुठेतरी आहेच, नाहीतर ते चाललं नसतं.

विंडोज उडवायची पण काही गरज नाही. आधी एवढं सांग, हिडन दिसायला लागल्यावर प्रोग्रामडेटा > मायक्रोसॉफ्ट च्या आत एफएसएक्स नावाने सुरू होणारे फोल्डर किती आहेत आणि त्यांची नावं नेमकी काय?


सातमाळा_व्हीएफआर :

सिडकोवाला दादा धन्यवाद, दिसला फोल्डर.

देवळाली दादा, आत दोन आहेत. एक 'एफएसएक्स' आणि एक 'एफएसएक्स-एसई'. दोन्हीत सीनरी डॉट सीएफजी आहे!! एफएसएक्सवाली जुन्या तारखेची आहे आणि तिच्यात सगळे ॲडऑनचे पत्ते डी ड्राइव्हचे आहेत जो आता नाहीच. एसईवाली परवाचीच आहे. म्हणजे फाइल नाही म्हणून रडत होतो आणि निघाल्या दोन, मेन फोल्डरमधली धरली तर तीन.


देवळाली_टॉवर :

हां, मग लागला पत्ता. तुझं काहीही हरवलेलं नाही. तुझ्या मशीनवर दोन एफएसएक्स आहेत आणि त्यातला एक फक्त कागदोपत्री जिवंत आहे.

होतं काय, स्टीम एडिशन इन्स्टॉल होताना आधी बघते की इथे डीव्हीडीवाला एफएसएक्स आहे का. बघते म्हणजे रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) त्याची नोंद शोधते. नोंद नसेल तर ती सरळ 'एफएसएक्स' याच नावाने सगळीकडे राहते, पण नोंद असेल तर जुन्याला धक्का नको म्हणून वेगळी चूल मांडते. मग प्रोग्रामडेटामध्ये एफएसएक्स-एसई, ॲपडेटा > रोमिंग > मायक्रोसॉफ्टमध्ये पण एफएसएक्स-एसई, आणि तिथल्या एफएसएक्स डॉट सीएफजीचं नाव सुद्धा एफएसएक्स अंडरस्कोर एसई डॉट सीएफजी. तुझा सी ड्राइव्ह क्लोन केलेला, म्हणजे रजिस्ट्री जुनीच. सातबाऱ्यावर नाव तसंच आहे आणि शेत कधीच धरणाखाली गेलंय, असा प्रकार. स्टीमने सातबारा बघितला आणि शेजारी वेगळं घर बांधलं.

सीनरी डिझाइनची जुनी टूल्स मात्र अजून सातबारा बघूनच जातात. रजिस्ट्री उघडून बघ (रेगएडिट), एचकी लोकल मशीन > सॉफ्टवेअर > वाउ६४३२नोड > मायक्रोसॉफ्ट > मायक्रोसॉफ्ट गेम्स > फ्लाइट सिम्युलेटर > १०.०, तिथे सेटअपपाथ नावाची व्हॅल्यू असेल आणि तिच्यात डी ड्राइव्हचा पत्ता असेल, पैज लावतो. टूल त्या पत्त्यावर जातं, तिथे काही नाही, म्हणून 'फायली मिळत नाहीत'.

तुझ्या दोन्ही रिकाम्या याद्या पण त्याच कारणाने. स्टॉक एअरपोर्ट सिमच्या सीनरी फोल्डरमधल्या बीजीएल वाचून येतात, आणि पॉलिगॉन-रस्ते-नद्यांचे प्रकार येतात टेरेन डॉट सीएफजी मधून, जी सिमच्या मेन फोल्डरमध्ये असते. मेन फोल्डरच चुकीचा म्हटल्यावर दोन्ही गेले.

उपाय असा. पहिला म्हणजे काहीही न मोडता एडीईच्या ऑप्शन्समध्ये जा आणि सिमचा पाथ हाताने स्टीमॲप्स > कॉमन > एफएसएक्स असा दे, बंद करून परत उघड. बऱ्याच वेळा एवढ्यावर काम होतं. नाही झालं तर रजिस्ट्रीतली ती १०.० वाली नोंद एक्सपोर्ट करून ठेव (राइट क्लिक, एक्सपोर्ट, डेस्कटॉपवर टाक, आळस करू नको) आणि मग सेटअपपाथमध्ये स्टीमवाला पत्ता लिही.

तरीही एखादं टूल हट्टाने प्रोग्रामडेटा > मायक्रोसॉफ्ट > एफएसएक्स मधलीच जुनी सीनरी डॉट सीएफजी उचलत असेल तर जुन्या फोल्डरचं नाव बदल, डिलीट नको करू, एफएसएक्स-जुना असं काहीतरी ठेव, आणि मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून एमकेलिंक स्लॅश जे ने एफएसएक्स नावाचं जंक्शन बनव जे एफएसएक्स-एसई कडे बोट दाखवेल. मग फाइल एकच, रस्ते दोन. नुसती कॉपी करून ठेवू नको, कारण कॉपी केलीस की आजपासून त्या दोन वेगळ्या फायली झाल्या, सिमची सीनरी लायब्ररी एकीत बदल करणार आणि टूल दुसरी वाचणार, आणि पुढच्या महिन्यात तू परत इथे येणार.

आणखी एक, कुठली फाइल कुठून येते हे डोक्यात पक्कं ठेव कारण मिसिंग फाइलचा प्रत्येक प्रॉब्लेम शेवटी इथेच येतो. एफएसएक्स डॉट सीएफजी (तुझ्याकडे एसईवाली) सिम स्वतः बनवतं, गेली तर सिम एकदा चालू करून बंद कर, नवीन होते, फक्त तुझ्या ग्राफिक्स सेटिंग्ज जातात. टेरेन डॉट सीएफजी मात्र सिम बनवत नाही, ती इन्स्टॉलमधून येते, गेली तर स्टीममध्ये प्रॉपर्टीज > व्हेरिफाय इंटिग्रिटी करायचं, पण कुठल्या ॲडऑनने ती बदललेली असेल तर तो बदल पण पुसला जातो, म्हणून आधी कॉपी काढून ठेवायची. सीनरी डॉट सीएफजी प्रोग्रामडेटात म्हणजे गेमच्या फोल्डरबाहेर असते, स्टीमचं व्हेरिफाय तिला हात लावत नाही. तू मेन फोल्डरमध्ये जी बघितलीस ती मूळ डिफॉल्ट आहे, म्हणून तिच्यात ॲडऑन नाहीत. खरी गेलीच कधी तर तिच्यापासून सुरुवात करता येते, एवढाच तिचा उपयोग.


ओझर_टाउनशिप :

वाचतोय सगळं, चांगलं चाललंय. माझं एक ॲड करतो, मी डीव्हीडीवालाच वापरतो, प्रोग्राम फाइल्समध्ये टाकलेला. तिथे आणखी एक भानगड आहे, व्हर्च्युअलस्टोअर. जुनी ३२ बिट टूल्स ॲडमिन म्हणून न चालवता प्रोग्राम फाइल्समध्ये काही लिहायला गेली की विंडोज त्यांना नाही म्हणत नाही, गुपचूप ती फाइल युजरच्या ॲपडेटा > लोकल > व्हर्च्युअलस्टोअर मध्ये नेऊन ठेवतं. मग त्या टूलला वाटतं मी टेरेन डॉट सीएफजी बदलली, नोटपॅडमध्ये उघडून बघितली तर जशीच्या तशी. मला त्याने फार छळलं होतं. शेवटी सिम प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर, साध्या सी ड्राइव्हवर फोल्डर करून टाकला, तेव्हापासून शांतता.

बाकी ओझर करतोयस म्हणून विशेष आनंद झाला. माझी सगळी नोकरी तिथेच गेली. एचएएलची (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी) नाशिकची डिव्हिजन १९६४ ची, मिग-२१ साठी उभी राहिली, पुढे सुखोई-३० आलं. रनवे ०९-२७ आहे, तीन किलोमीटरचा, त्यामुळे मोठं विमान उतरवायला काही अडचण नाही तुला.

फक्त एक गोष्ट ऐक बाळा. टेक्स्चरसाठी कुंपणाजवळ जाऊन फोटो काढायला जाऊ नको, ड्रोनचा तर विचारही नको. एचएएल आणि वायुदल दोन्ही आहेत तिथे, संरक्षणाचा भाग आहे. टर्मिनलच्या बाहेर प्रवासी म्हणून जे दिसतं आणि सगळ्यांना उघड असलेल्या सॅटेलाइट नकाशात जे दिसतं तेवढं पुरे. फॅक्टरीच्या बाजूला साधी मोठी शेड टाकून दे, हवेतून कोण मोजतंय.


देवळाली_टॉवर :

काकांचं व्हर्च्युअलस्टोअर बरोबर आहे, पण ते प्रोग्राम फाइल्समध्ये डीव्हीडीवरून टाकलेल्यांना जास्त लागू. याच्या केसमध्ये आधी पाथ.


निफाड_एक्सप्लेन :

मी एक्सप्लेन या दुसऱ्या सिमवाला, त्यामुळे मजा बघायला आलोय 😄 आमच्याकडे कस्टम सीनरी फोल्डरमध्ये सीनरी अंडरस्कोर पॅक्स डॉट आयएनआय अशी एकच फाइल, बिघडली तर डिलीट मारा, सिम चालू केलं की परत तयार. फक्त क्रम आपण लावलेला असेल तो जातो. आणि वर्ल्ड एडिटर या आमच्या सीनरी टूलला एक्सप्लेनचा फोल्डर एकदा दाखवला की विषय संपला, रजिस्ट्री वगैरे काही नाही.

पण द्राक्षबागा करणार असशील तर मला सांग, आमच्या घरचीच बाग आहे, ओळी कशा असतात, दोन ओळींत अंतर किती ठेवतात, छाटणीनंतर बाग कशी उघडीबोडकी दिसते आणि जानेवारीत कशी भरलेली असते ते सगळं सांगतो. हिवाळ्याचं टेक्स्चर आणि पावसाळ्याचं टेक्स्चर एकच ठेवलंस तर मी उतरणार नाही ओझरला.


सातमाळा_व्हीएफआर :

झालं!! म्हणजे अर्धं झालं. नुसता ऑप्शन्समधून पाथ दिल्यावर स्टॉक एअरपोर्ट आले, ओझर उघडलं, पॉलिगॉनची यादी पण आली. सेटअपपाथ बघितला, डी ड्राइव्हचाच होता, पैज जिंकलात. एक्सपोर्ट करून ठेवला आणि बदलला. जंक्शनच्या भानगडीत अजून पडलो नाही.

कंपाइल मात्र अजून तसंच, काळी खिडकी येते आणि जाते. एडीईमध्ये बीजीएलकॉम्पचा (एसडीकेतल्या, बीजीएल बनवणाऱ्या कंपायलरचा) पाथ बरोबर दिलाय, फाइल तिथे आहे, मी डोळ्यांनी बघितली. रन ॲज ॲडमिन पण करून झालं. काका, फोटोंचं लक्षात ठेवतो, तसं काही करणार नाही.


देवळाली_टॉवर :

काळी खिडकी जाते म्हणून एरर वाचता येत नाही, तर ती खिडकी आपणच उघडायची. कमांड प्रॉम्प्ट उघड, सीडी करून बीजीएलकॉम्पच्या फोल्डरमध्ये जा, आणि बीजीएलकॉम्प लिहून पुढे एडीईने बनवलेल्या एक्सएमएल फाइलचा पत्ता दे. एडीईला एक्सएमएल ठेवायला सांगता येतं, नाहीतर ते काम झाल्यावर पुसून टाकेल. आता खिडकी बंद होणार नाही आणि कंपायलर काय बोलतोय ते निवांत वाचता येईल.

माझा अंदाज सांगू का, पेनड्राइव्हवर तू फक्त एक्झी फायली उचलून ठेवल्या असशील. बीजीएलकॉम्प डॉट एक्सएसडी नावाची एक स्कीमा फाइल असते, ती त्याच फोल्डरमध्ये एक्झीच्या शेजारी लागते. ती नसेल तर कंपायलरला एक्सएमएल तपासताच येत नाही. एसडीकेमध्ये ती एन्व्हायर्नमेंट किट > बीजीएल कंपायलर एसडीके मध्ये सापडेल. डीव्हीडी ड्राइव्ह नाही म्हणतोस तर कोणाचा तरी यूएसबीवाला घेऊन तुझ्याच डीलक्सच्या डिस्कवरून एसडीके पूर्ण इन्स्टॉल करून घे, एसडीके डीलक्समध्येच यायचा, स्टँडर्डमध्ये नव्हता, आणि ॲक्सिलरेशन हा एफएसएक्सचा विस्तार पॅक असेल तर त्याच्यातला घे कारण तो नंतरचा आहे. प्रीपारचा (एफएसएक्सवरून पुढे बनलेला सिम, प्रीपार३डी) एसडीके उचलून त्याचा कंपायलर एफएसएक्ससाठी वापरू नको, बीजीएल बनेल कदाचित पण मग सिममध्ये काय दिसेल याची जबाबदारी माझी नाही.

आणि प्रोजेक्ट कुठे ठेवलाय? पाथमध्ये मराठी अक्षरं असतील तर काढ. तुझ्या विंडोज युजरचं नाव मराठीत असेल तर प्रोजेक्ट डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवूच नको, कारण त्या पाथमध्ये युजरचं नाव येतंच. देवनागरीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) कधी नव्हतंच, ती फक्त युनिकोडवर चालते, त्यामुळे युनिकोड न कळणाऱ्या जुन्या प्रोग्रामला त्या जागी नुसती प्रश्नचिन्हं मिळतात, आणि प्रश्नचिन्ह तर फोल्डरच्या नावात चालतच नाही. सिस्टिम लोकेल मराठी किंवा हिंदी करून पण फरक पडत नाही. सी ड्राइव्हवर सरळ इंग्रजी अक्षरांचा, स्पेस नसलेला एक छोटा फोल्डर कर, त्यातच सगळं.


द्राक्षे_आणि_डेटा :

हे मराठी नावाचं माझ्याकडे पण झालेलं, फोल्डरचं नाव 'नाशिक सीनरी' असं मराठीत ठेवलेलं आणि रीसॅम्पल (उंचीचा डेटा किंवा फोटो सिमच्या बीजीएलमध्ये बदलणारं एसडीकेतलं टूल) काही केल्या चालेना. कोणी सांगितलंच नव्हतं कारण काय ते.


सातमाळा_व्हीएफआर :

देवळाली दादा तुम्ही कॅमेरा लावलाय का माझ्या घरात. एक्सएसडी नव्हतीच, पेनड्राइव्हवर नुसत्या एक्झी. आणि प्रोजेक्टचा फोल्डर पण 'ओझर' असा मराठीतच होता. मामाच्या ऑफिसातून यूएसबी ड्राइव्ह आणला, डिस्कवरून एसडीके टाकला, फोल्डर बदलला, बीजीएल बनली. टर्मिनल उभं आहे, डबा आहे सध्या पण उभं आहे.

आता पुढचं. आजूबाजूचे डोंगर फार गुळगुळीत दिसतात, रामशेज किल्ला तर नुसता उंचवटा वाटतो, म्हणून एसआरटीएमचा (अवकाशातून मोजलेल्या उंचीचा) ३० मीटरचा डेटा उतरवून रीसॅम्पलने मेश म्हणजे जमिनीच्या चढ-उतारांचा सांगाडा बनवायला बसलो तर ते आयएनएफ फाइल मागतंय. ही पण कॉन्फिग फाइलच ना? कुठल्या फोल्डरमध्ये असते ती? पूर्ण एसडीके शोधला.


देवळाली_टॉवर :

ती कुठेच नसते, ती तू लिहायची. बाकीच्या फायली सॉफ्टवेअर शोधतं म्हणून सगळ्यांना वाटतं ही पण कुठेतरी ठेवलेली असेल. साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये लिही, शेवटी डॉट आयएनएफ (आणि सिडकोवाल्यांचं एक्सटेन्शनचं टिक लक्षात ठेव, डॉट आयएनएफ डॉट टीएक्सटी नको व्हायला).

तिच्यात दोन भाग. सोर्स नावाच्या भागात टाइप म्हणजे जिओटिफ (नकाशावरची जागा सोबत असलेली इमेज फाइल), लेयर म्हणजे एलिव्हेशन, सोर्सडिर म्हणजे फोल्डर आणि सोर्सफाइल म्हणजे फाइलचं नाव. डेस्टिनेशन भागात डेस्टडिर, डेस्टबेसफाइलनेम, डेस्टफाइलटाइप म्हणजे बीजीएल, आणि एलओडी (बारकाव्याची पातळी) ऑटो. सोर्सडिरमध्ये नुसता एक टिंब टाकला तर जिथून चालवतोस तोच फोल्डर धरतं, मी तेच करतो, म्हणजे पत्ते चुकायचा प्रश्न येत नाही. पुढे सॅटेलाइट इमेजचा फोटोरिअल तुकडा करायचा असेल तर त्याची आयएनएफ वेगळी, तिथे लेयर इमेजरी. एलओडी १३ ला पिक्सेल साधारण पावणेपाच मीटरचा पडतो आणि १५ ला सव्वा मीटरचा, त्यामुळे पूर्ण निफाड तालुका १५ ला करायला जाऊ नको, एसएसडी भरेल. विमानतळाच्या भोवती १५, बाकी १३, पुष्कळ झालं.

आणि पुढे कधी असा 'मिळत नाही' चा तिढा आला आणि कोणी सांगायला नसेल तर प्रोसेस मॉनिटर उतरवून घे, मायक्रोसॉफ्टचंच सिसइंटर्नल्समधलं फुकट टूल आहे. चालू कर, फिल्टरमध्ये फक्त एडीईचं प्रोसेस नाव ठेव, दुसरा फिल्टर रिझल्ट मध्ये 'नॉट फाउंड', आणि मग एडीई उघड. ते नेमक्या कुठल्या फोल्डरमध्ये कुठली फाइल शोधून हात हलवत परत आलं त्याची ओळीने यादी मिळते. त्यातल्या बऱ्याच ओळी निरुपयोगी असतात, विंडोज सतत काही ना काही शोधत असतं, आपण सीएफजी, एक्सएसडी, आयएनएफ असलेल्या ओळी बघायच्या. मेसेज बॉक्स काय म्हणतो त्यापेक्षा ही यादी खरी.


ओझर_टाउनशिप :

मेश बदलल्यावर एक बघ. नवीन मेश आणि सिममधली विमानतळाची उंची जुळली नाही तर रनवे एकतर ताटासारखा वर उचललेला दिसतो नाहीतर खड्ड्यात बसतो. एफएसएक्समध्ये विमानतळ हा एकाच उंचीचा सपाट तुकडा असतो, उतार वगैरे नाही. ओझरची उंची समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या थोडी आत आहे, आणि आमच्या तिकडचा भाग तसा सपाट, त्यामुळे कडेला उतार लपवायला फार त्रास होणार नाही तुला. नाशिकच्याच गांधीनगरचं आर्मीचं विमानांचं मैदान कधी करशील तेव्हा मात्र हेच परत बघावं लागेल.


सातमाळा_व्हीएफआर :

काका तेच झालंय! रनवे ताटासारखा वर आलाय. एडीईमध्ये उंची बदलली, परत कंपाइल केलं, तरी सिममध्ये जुनीच उंची येतेय. याला पण कुठली कॉन्फिग लागते का?


देवळाली_टॉवर :

कॉन्फिग नाही, जागा. उंची बदलली की एडीई मुख्य बीजीएलबरोबर आणखी एक छोटी बीजीएल बनवतं, नावात एएलटी असलेली. ती तू ॲडऑन सीनरीत टाकली असशील, तिथे ती चालत नाही. स्टॉक विमानतळाची उंची बदलायची तर ती फाइल लायब्ररीत खालच्या लेयरला असावी लागते, म्हणून तिला सिमच्या सीनरी > वर्ल्ड > सीनरी या फोल्डरमध्ये ठेव, बाकीच्या बीजीएल आहेत तिथेच राहू देत. सिम पूर्ण बंद करून मग टाक, चालू असताना फाइल बदलू देणार नाही ते. आणि नावापुढे ओझर असं इंग्रजीत काहीतरी जोड, नाहीतर पुढच्या वर्षी त्या फोल्डरमध्ये ही कोणाची फाइल म्हणून तूच डिलीट करशील.